‘रंजनवादी’ हे विशेषण आणि वाचकाचा आनंद : खत्री, अर्नाळकर, खांडेकर

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका चर्चासत्रात, दोन सत्रांच्या मधल्या वेळात, एका तमिळभाषक प्राध्यापकांनी आम्हा मराठीच्या अध्यापकांना विचारले, ‘खांडेकरांवर सध्या तुमच्याकडे कोण काम करीत आहे?’ त्यांच्या आईच्या कपाटात खांडेकरांच्या कादंबऱ्यांची तमिळ भाषांतरे होती. ती तिने पुनःपुन्हा वाचली होती, आणि खांडेकर हे मूळचे तमिळ लेखक नव्हेत हे या प्राध्यापकांना स्वतःला बऱ्याच उशिरा कळले होते. आमच्यापैकी एकजण हसला. ‘खांडेकर आता कोण वाचतो?’ असा त्या हसण्याचा अर्थ होता. मीही हसलो. वस्तुतः ‘ययाति’ मी सोळाव्या वर्षी एका रात्रीत वाचली होती आणि नंतरही तीनदा तरी वाचली आहे. त्या हसण्यात मी माझे चार वाचन-अनुभव झाकून टाकले, आणि ते झाकण्याची गरज मला एका सेकंदात, विचारही न करता, भासली.

लोकप्रिय कथात्म साहित्याविषयी समीक्षेने दिलेला कठोर निर्णय आणि त्याच साहित्यातून वाचकाला मिळणारा आनंद यांचा मेळ घालण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एका रीतीनुसार आनंद घेणारा वाचक अपरिपक्व असतो. त्याची अभिरुची घडली की तो आनंद आपोआप गळून पडेल. दुसऱ्या रीतीनुसार समीक्षक अभिजनवादी असतो, आणि नीट पाहिले तर ती लोकप्रिय कृती प्रत्यक्षात वास्तववादी, विद्रोही किंवा किमान सामाजिक दस्तऐवज म्हणून मोलाची ठरते. दुसरी रीत अलीकडच्या काळात, विशेषतः सांस्कृतिक अभ्यासाच्या प्रभावाने, अधिक प्रतिष्ठित झाली आहे. तरीही या दोन्ही रीतींचे गृहीतक एकच आहे, असे मला वाटते. आनंदाला समीक्षेच्या परवान्याची आवश्यकता आहे, हे ते गृहीतक. पहिला पक्ष परवाना नाकारतो आणि दुसरा तो मिळवून देतो. निर्णय कठोर असावा आणि योग्यही असावा, आणि आनंदही खरा असावा, ही शक्यता दोघेही विचारात घेत नाहीत. प्रस्तुत निबंधात त्या शक्यतेचा विचार करावयाचा आहे.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये जे साप्ताहिक काढले त्याचे नाव ‘करमणूक’ असे होते. ‘पण लक्षांत कोण घेतो!’सारखी, विधवेच्या दुःखाची मराठीतील आद्य मातब्बर कादंबरी या नावाच्या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या मासिकाचे नाव ‘मनोरंजन’, आणि दिवाळी अंकाची परंपरा सुरू करण्याचा मान त्याच मासिकाच्या १९०९ च्या अंकाकडे जातो. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘करमणूक’ आणि ‘मनोरंजन’ हे शब्द मराठीतील गंभीर लेखक-संपादक आपल्या नियतकालिकाच्या माथ्यावर निःसंकोच छापत होते. पुढच्या काळात ‘रंजन’ या शब्दाला ‘वादी’ हा प्रत्यय जोडला गेला आणि ‘रंजनवादी’ हे विशेषण तयार झाले. ‘वादी’ हा प्रत्यय सामान्यतः जाणीवपूर्वक स्वीकारलेल्या भूमिकेला लागतो. मार्क्सवादी मार्क्सचा विचार मानतो, वास्तववादी वास्तवाचा आग्रह धरतो. ‘रंजनवादी’ म्हणून घेणारा लेखक मात्र मराठीत बहुधा सापडत नाही. हे विशेषण नेहमी दुसऱ्यानेच लावलेले असते. लेखकाला ‘रंजनवादी’, पुस्तकाला ‘सवंग’ आणि वाचकाला ‘भाबडा’, अशी ही त्रयी आहे. त्यांतला तिसरा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या दोन शब्दांचे समर्थन संहितेतून करता येते, तिसऱ्याचे येत नाही. वाचक भाबडा आहे हे ठरविण्यासाठी वाचकाकडे पाहावे लागेल, आणि मराठी समीक्षेने त्याच्याकडे क्वचितच पाहिले आहे.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. कादंबरी या प्रकाराच्या जन्मापासून तो चालत आला आहे. नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’ला (१८६८) लेखकाची प्रस्तावना आहे. आपल्या समाजातील विवाहादी रूढींमुळे आपल्या रोजच्या जीवनात चित्तवेधक असे फारसे काही घडत नाही, तेव्हा अनुभवातलेच लिहिले तर त्यात रस वाटण्याजोगे काही उरणार नाही, अशा आशयाचे समर्थन त्यांनी केले आहे. मीनाक्षी मुखर्जी यांनी भारतीय कादंबरीतील वास्तववादाविषयीच्या आपल्या ग्रंथात (१९८५) या प्रस्तावनेकडे लक्ष वेधल्यापासून ती मराठीबाहेरही परिचित आहे. चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ लिहून ‘मुक्तामाला’-‘मंजुघोषा’ धर्तीच्या असंभाव्य कथांना धारेवर धरले. मराठे यांचे म्हणणे बरोबर होते. रिसबुडांचेही बरोबर होते, असे मी म्हणेन, कारण ते दोघे एकाच प्रश्नाची उत्तरे देत नव्हते. कादंबरी कशी असावी याचे उत्तर मराठे देत होते. पुण्या-मुंबईच्या नव्याने वाचू लागलेल्या माणसाने दिवा विझवावयाच्या आधीचा तास कशासाठी द्यावा, हा रिसबुडांचा प्रश्न होता. भालचंद्र नेमाडे यांनी ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) संग्रहित झालेल्या आपल्या प्रसिद्ध विवेचनात मराठी कादंबरीच्या ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन प्रवृत्ती मांडल्या, तेव्हा मराठे यांच्या निबंधातील निवाड्याला एक समर्थ ऐतिहासिक चौकट मिळाली. ती चौकट उपयुक्त आहे आणि मी स्वतः वर्गात ती वापरतो. मात्र तिच्यात प्रवृत्ती लेखकांच्या आहेत. वाचक एकाच आठवड्यात तिन्ही प्रवृत्तींची पुस्तके वाचत असतो, आणि त्याला या चौकटीत जागा नाही.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. मराठी वास्तववादी कादंबरीचे प्रवर्तक हरिभाऊ यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या कादंबरीवरून स्फुरलेली होती. इंग्लंडमधील प्रतिष्ठित टीकाकारांनी रेनॉल्ड्सला साहित्याच्या उंबऱ्याबाहेर उभे केले होते. हिंदुस्थानातील ग्रंथालयांत मात्र एकोणिसाव्या शतकात त्याच्याइतका वाचला गेलेला इंग्रजी कादंबरीकार क्वचितच सापडतो, हे प्रिया जोशी यांच्या संशोधनाने (२००२) दाखवून दिले आहे. ज्या परंपरेच्या नावाने आपण सवंग साहित्याला नाकारतो, ती परंपरा अशा सवंग मानलेल्या साहित्याच्या मनसोक्त वाचनातून आली आहे. यावरून रेनॉल्ड्स थोर ठरत नाही, आणि तसे ठरविण्याची माझी इच्छाही नाही.

हिंदीतील एका निवाड्यापाशी थोडे अधिक थांबावे लागेल. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिलिस्म, ऐयार, वेषांतरे, भुयारे, बेशुद्ध करणाऱ्या पुड्या अशी ती सारी सामग्री. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या इतिहासात (१९२९) खत्रींविषयी जे लिहिले आहे ते भारतीय साहित्येतिहासातील अत्यंत प्रामाणिक असे लेखन आहे, असे मला वाटते. या कादंबऱ्यांचे लक्ष्य केवळ घटनांचे वैचित्र्य आहे. रससंचार किंवा व्यक्तिचित्रण त्यांत नाही. म्हणून त्या साहित्यकोटीत येत नाहीत, असा त्यांचा निर्वाळा आहे. आणि त्याच दमात ते नोंदवितात की हिंदीसाठी खत्रींनी जेवढे वाचक निर्माण केले तेवढे दुसऱ्या कोणीही केले नाहीत. ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी कित्येक उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले. ती वाचता वाचता काहीजण लिहूही लागले. शुक्लांनी वाचकाला भाबडे म्हटले नाही. निर्णयाला आणि नोंदीला त्यांनी एकमेकांवर कुरघोडी करू दिली नाही. आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी बाबूराव अर्नाळकरांच्या बाबतीत एवढे तरी केले असते!

तरीही शुक्लांच्या निवाड्यात एक अडचण आहे, आणि ती तुलनाकारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘रससंचार नाही’ म्हणजे नेमके काय? अद्भुत हा रस आणि विस्मय हा त्याचा स्थायी भाव, हे परंपरेला मान्य आहे. तिलिस्माचे दार उघडल्यावर वाचकाला जे वाटते ते विस्मयाहून निराळे आहे असे कोण म्हणेल? शुक्लांच्या मते हृदयाची मुक्तावस्था म्हणजे रसदशा. ‘स्व’च्या संकुचित घेऱ्यातून सुटून माणसाचे हृदय लोकसामान्य भूमीवर येणे. तेव्हा ‘चंद्रकांता’च्या वाचकाला भावना होत नाही असे ते म्हणत नसून, त्या भावनेने त्याची सुटका होत नाही असे म्हणत आहेत. ही आनंदाच्या प्रतीविषयीची भूमिका आहे. ती मान्य करता येते किंवा नाकारता येते, परंतु त्यासाठी वाचकाला प्रत्यक्षात काय होते याची चौकशी व्हावयास हवी. शुक्लांनी ती केली नाही; त्यांच्या काळी तशी अपेक्षाही नव्हती. फ्रांचेस्का ओरसिनी यांच्या ‘प्रिंट अँड प्लेझर’ (२००९) या ग्रंथाने उत्तर भारतातील छापील करमणुकीच्या संदर्भात अशा चौकशीला आता सुरुवात करून दिली आहे. ग्रंथनामातच ‘सुख’ हा शब्द आला, ही बाब मला आश्वासक वाटते.

उर्दूत निराळा मार्ग दिसतो. ‘चंद्रकांता’तले ऐयार आणि तिलिस्म मुळात दास्तानीतून आले. आधुनिक उर्दू समीक्षेने दास्तानीला बराच काळ कादंबरीची कच्ची, अपुरी अवस्था मानले होते. शम्सुर्रहमान फारुकी यांनी अमीर हम्झाच्या दास्तानीवरील आपल्या बहुखंडी अभ्यासात दाखविले की ही मौखिक कथनाची स्वतंत्र कला आहे. तिला पात्रांचा मानसिक विकास आणि संभाव्यता यांची मोजपट्टी लावणे म्हणजे तबल्याला सुरांच्या विस्ताराचा निकष लावण्यासारखे आहे. (ही उपमा माझी, दोष द्यावयाचा तर मला द्यावा.) याच फारुकींनी इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’तील चार कादंबऱ्यांचे इंग्रजी भाषांतर केले, आणि ते २०११ मध्ये चेन्नईहून प्रसिद्ध झाले. मीरचे चिकित्सक भाष्यकार म्हणून ज्यांचा अधिकार निर्विवाद, त्यांनी कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांच्यासाठी आपला वेळ दिला. दास्तानीसाठी त्यांनी काव्यशास्त्र उभे केले, परंतु इब्ने सफींसाठी तसे प्रचंड समर्थन त्यांनी रचले नाही; भाषांतर केले. भाषांतर म्हणजे अत्यंत सावकाश केलेले वाचन होय. आवडत्या पुस्तकाविषयी समीक्षकाने काय करावे, याचे हे एक उत्तर आहे.

मराठीत अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. झुंजार आणि विजया, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे एका पिढीच्या मराठी माणसाला पाठ होती, आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांचा संसार त्यांच्यावर चालला. त्यांच्या कथांवर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत. पात्रे साच्याची आहेत, भाषा एकसुरी आहे, योगायोगांना अंत नाही, आणि इंग्रजी रहस्यकथांचे ऋण उघड आहे. पण झुंजार सुटणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असलेला वाचक शेवटपर्यंत का वाचतो, या प्रश्नाला ‘उत्कंठा’ हे उत्तर पुरत नाही, कारण निकाल माहीत असताना उत्कंठा कसली? कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला सीता परत येणार हे ठाऊक असते. तमाशाच्या वगातील राजा शेवटी फजीत होणार हेही ठाऊक असते. ठाऊक असलेली गोष्ट आज कशी घडते हे पाहण्याचा आनंद आपल्या संस्कृतीत जुना आहे आणि त्याला कोणी भाबडेपणा म्हणत नाही. छापील पुस्तकात तोच आनंद आला की मात्र आपण त्याला सवय, चटक, व्यसन अशी नावे देतो. व्यसनाची ही उपमा इंग्रजीतही आहे. क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाचकवर्गाच्या अभ्यासात कथावाचनाकडे मादक द्रव्याच्या सवयीसारखे पाहिले. त्या ग्रंथाचे ऋण मोठे आहे, कारण लोकप्रिय लेखकांना प्रश्नावल्या पाठवून माहिती मिळविण्याचा उद्योग त्यांनी केला. पण वाचकांना मात्र त्यांनी काही विचारले नाही. वाचकांना विचारण्याचे काम जॅनिस रॅडवे यांनी पन्नास वर्षांनी, १९८४ मध्ये, अमेरिकेतील प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांच्या एका गटापुरते केले. संहितेचा अर्थ आणि वाचण्याची कृती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांतून पुढे आले. पुस्तक पितृसत्तेचीच भलावण करीत असेल. पण हातात पुस्तक धरून ‘आता मला हाक मारू नका’ असे घराला सांगणे, ही त्या बाईची त्या दिवसातली एकमेव स्वतःची वेळ असते. आपल्याकडे दुपारच्या वेळी, मागचे आवरून झाल्यावर, वाचनालयातील कादंबरी घेऊन बसलेल्या किती स्त्रियांविषयी समीक्षेने ‘स्वप्नरंजन’ हा एक शब्द लिहून विषय संपविला आहे!

आता खांडेकरांकडे वळतो. त्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्यांना केवळ लोकप्रिय म्हणून बाजूला सारता येत नाही. ‘ययाति’ला (१९५९) साहित्य अकादमीचे पारितोषिक आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीला मिळालेला तो पहिला ज्ञानपीठ. ना. सी. फडके यांच्याशी झालेल्या ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादात ते जीवनवादी पक्षाचे पुढारी होते. म्हणजे रंजनाच्या विरोधात उभे राहिलेल्या लेखकालाच पुढच्या पिढीने रंजनवाद्यांच्या पंक्तीत, चक्क फडक्यांच्या शेजारी, पाट मांडून दिला. नवसाहित्याच्या आणि नंतर देशीवादाच्या समीक्षेचे त्यांच्यावरील आक्षेप सर्वपरिचित आहेत: अलंकारांचा सोस, सुभाषितांची पेरणी, ध्येयवादाचा भाबडा स्वर, परिसराशी नाळ नसलेली पात्रे.

‘ययाति’पुरते बोलायचे तर हे आक्षेप मला मान्य आहेत. कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तीन निवेदक आहेत. एक राजपुत्र, एक ऋषिकन्या, एक दासी झालेली राजकन्या; पण तिघेही एकाच तऱ्हेने बोलतात. भावनेचा क्षण आला की तिघेही थांबतात, उपमा शोधतात आणि तिच्यातून एक विचार काढून वाचकाच्या हातावर ठेवतात. कचाचे उपदेश वाचताना मी चारही वेळा पाने उलटली आहेत. तरीही चारदा वाचली, हे शिल्लक राहतेच.

का, याचे माझे उत्तर असे. महाभारतातील कथा सर्वांना ठाऊक आहे. पुरू आपले तारुण्य देणार हे गुपित नाही. खांडेकर तीच घटना तीन तोंडांनी सांगतात, आणि प्रत्येक निवेदकाला जे माहीत नाही ते वाचकाला आधीच माहीत असते. देवयानी आपला अपमान सांगते तेव्हा तिच्या दासीच्या मनात काय चालले आहे हे आपण जाणतो. ययाती आपले समर्थन करतो तेव्हा अलकेचे आणि मुकुलिकेचे काय झाले हे आपण विसरलेलो नसतो. तीन फिर्यादी आणि मध्ये वाचक न्यायाधीश, अशी ही रचना आहे. निवेदकांची भाषा एकच असणे हा कादंबरीकलेच्या दृष्टीने दोष आहे, पण या न्यायसभेच्या दृष्टीने ती अडचण होत नाही. फिर्यादी एकाच वकिलाकडून लिहून घेतलेल्या असाव्यात तसे ते चालून जाते. रात्री तान्ह्या पुरूला घेऊन शर्मिष्ठा हस्तिनापूर सोडते तो भाग आजही मला हलवितो, आणि तो हलवितो म्हणून तेथील गद्य अधिक चांगले होत नाही. १९४५ मध्ये ऑर्वेल यांनी ‘चांगली वाईट पुस्तके’ या संकल्पनेवर लिहिताना हेच सुचविले होते की आपली बुद्धी ज्याला गंभीरपणे घ्यायला तयार नसते अशा पुस्तकानेही आपण उत्तेजित वा व्यथित होऊ शकतो.

सुभाषितांची गोष्ट अधिक बोलकी आहे. खांडेकरांची वाक्ये वहीत उतरवून घेणारा वाचक हा मराठी समीक्षेच्या थट्टेचा ठरलेला विषय. पण वाक्य पुस्तकातून सुटे करून जीवनात नेणे ही आपल्याकडील वाचनाची एक पुरातन पद्धत आहे. संस्कृत सुभाषितसंग्रह याच पद्धतीवर उभे आहेत. तुकोबांच्या ओळी म्हणी झाल्या त्याही याच वाटेने. कलाकृतीच्या सेंद्रिय एकात्मतेचा सिद्धान्त शिकलेल्या समीक्षकाला सुटे होणारे वाक्य शिवण उसवल्यासारखे दिसते. वहीवाल्या वाचकाला ते पुस्तकाने दिलेला प्रसाद वाटते. समीक्षकाने आपला सिद्धान्त सोडावा असे मी म्हणत नाही; पण समोरचा वाचक त्या सिद्धान्तात नापास झालेला विद्यार्थी नसून दुसऱ्याच, कदाचित अधिक जुन्या, शाळेतून आलेला आहे, एवढे त्याने ओळखावे.

येथे ते तमिळ कपाट पुन्हा आठवते. का. श्री. श्री. यांच्या भाषांतरांतून खांडेकर तमिळमध्ये घरोघरी पोहोचले. गोपाळराव विद्वांस यांनी त्यांना गुजरातीत नेले. मराठीतील एखाद्या कादंबरीकाराला दुसऱ्या भाषेने इतके आपले मानल्याचे उदाहरण विरळा आहे. असे का घडले असावे? मला दोन कारणे संभवतात. एक म्हणजे, खांडेकरांच्या भाषेतील जो दोष आपण सांगतो, की ती कोणत्याही गावाची नाही, बोलीचा वास तिला नाही, तोच दोष भाषांतरात वाहनाचे काम करतो. शिरोड्यासारख्या कोकणातल्या गावी जवळपास अठरा वर्षे शिक्षक म्हणून काढलेल्या लेखकाच्या गद्यात कोकणी मातीचा हेल फारसा उतरला नाही, ही मराठीची हानी आहे. परंतु ‘उल्का’तील (१९३४) किंवा ‘क्रौंचवध’मधील (१९४२) माणसांना मदुरा वा सुरत येथे परके वाटू नये याचे कारणही बहुधा तेच आहे. देशीवादाच्या निकषावर जी उणीव, ती प्रवासाच्या निकषावर सोय. दुसरे कारण वहीचे. ज्या भाषेच्या लोकमनात तिरुक्कुरळची द्विपदी बसलेली आहे तेथे सुटे होणारे शहाणे वाक्य हा कादंबरीचा दोष वाटण्याचे कारण नव्हते. ही दोन्ही अनुमाने आहेत. तमिळ वाचकांच्या आठवणी आणि जुन्या भाषांतरांच्या प्रती तपासून कोणीतरी ती पडताळावीत किंवा खोडून काढावीत. काहीही निष्पन्न झाले तरी त्यातून ‘खांडेकर मराठीने नाकारलेले श्रेष्ठ लेखक’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. पुरस्कारांनी समीक्षकांचे मत बदलले नाही, तसे तमिळ लोकप्रियतेनेही ते बदलण्याचे कारण नाही.

मात्र एका प्रकारचा कठोर निर्णय असा आहे की ज्याच्याशी अशी तोडजोड करता येत नाही. अलका आणि मुकुलिका ययातीच्या कथेत येतात त्या त्याच्या भोगाच्या आणि पश्चात्तापाच्या पायऱ्या म्हणून. त्यांच्या बाजूची चौथी वा पाचवी फिर्याद त्या न्यायसभेत कधी दाखल होत नाही. सोळाव्या वर्षी मला हे जाणवले नाही. चौथ्या वाचनात जाणवले, आणि तेव्हापासून शर्मिष्ठेच्या त्या रात्रीच्या प्रसंगातही मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण ज्या कौशल्याने खांडेकर मला शर्मिष्ठेसाठी हळवे करतात त्याच कौशल्याने त्यांनी मला अलकेला विसरायला लावलेले असते. स्त्रीवादी समीक्षेचा हा आक्षेप माझ्या आनंदाला बाहेरून हिणवत नाही. तो आनंद कसा तयार होतो हेच दाखवून देतो. ‘शैली कृत्रिम आहे’ या आक्षेपानंतर मी पुस्तक पूर्वीसारखेच वाचू शकलो. या आक्षेपानंतर तसे वाचता आले नाही. वाचणे मात्र थांबले नाही. या दोन आक्षेपांमधला फरक आपल्या समीक्षेने करावा, अशी माझी अपेक्षा आहे. पहिला वाचकाला वगळून करता येतो. दुसऱ्यासाठी समीक्षकाला आधी स्वतः तो आनंद घ्यावा लागतो, आणि घेतल्याचे मान्य करावे लागते.

मान्य करणे हेच कठीण जाते. आमच्या विद्यापीठीय व्यवहारात आवडीची भाषा फक्त मान्यताप्राप्त कृतींसाठी राखीव असते. ‘कोसला’ (१९६३) उशाशी घेऊन झोपणारा आणि पांडुरंग सांगवीकरशी पूर्ण तादात्म्य पावलेला विद्यार्थी आम्हाला संवेदनशील वाटतो. ‘अमृतवेल’ (१९६७) तशीच उशाशी घेणारी विद्यार्थिनी आम्हाला समुपदेशनाला पात्र वाटते. दोन्ही पुस्तके सारख्या मोलाची आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण उशाशी घेण्याची कृती मला तरी दोन्हीकडे एकच दिसते.

त्या चर्चासत्रात त्या प्राध्यापकांच्या प्रश्नाला आम्ही काही उत्तर दिले नाही. कोणीतरी विषय बदलला आणि पुढच्या सत्राची घंटा झाली. त्यांच्या आईने कोणते पुस्तक सर्वांत अधिक वेळा वाचले, कोणत्या ओळींखाली रेघा ओढल्या, तिला कचाचे उपदेश आवडत होते की तीही ती पाने उलटत होती, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही.